आठ सायडिंग

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. पोस्टाच्या खिडकीमागे उभ्या राहणाऱ्या बाईला उत्तर उशिरा पाठवणं म्हणजे पोलिसाच्याच दारातली सायकल पळवण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण कारण ऐकलंस की माफ करशील.

वरची खोली आठवते ना? लेक शिकायला बाहेर गेल्यापासून तिथे नुसत्या रिकाम्या खोक्यांचा संसार होता. ती खोली आता माझ्या रेल्वेची झाली. तिन्ही भिंतींना धरून छातीएवढ्या उंचीवर प्लायवूड बसवलं आहे. समोर स्टेशन, वळणावर बोगदा, आणि लांबच्या भिंतीला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, सायडिंग. तू विचारणार म्हणून आधीच सांगतो. खऱ्या स्टेशनात सगळ्या गाड्या एकदम उभ्या नसतात, कुठून तरी येतात आणि कुठे तरी जातात. माझ्या खोलीत ‘कुठे तरी’ नाही. म्हणून एका रंगवलेल्या फळीमागे, कुणाला दिसणार नाहीत असे, मुख्य रुळाला फाटे काढायचे. तिथे गाड्या उभ्या राहतात, आणि जिची पाळी येते ती बोगद्यातून बाहेर पडते. पाहणाऱ्याला वाटतं, लांबून आली.

असे आठ फाटे बसवले आहेत, ताई. गंमत नाही. आधी खाकी कागद जमिनीवर पसरून खऱ्या मापाने आखले. सगळ्यात लांब गाडी मांडून बघितली, पुढेमागे बोटभर जागा सोडली. तरी चुकलं, कारण गाडी ज्यावरून रूळ बदलते तो सांधा स्वतःच वीतभर लांबी खातो, आणि आठ फाट्यांना सात सांधे. सगळं पुसून पुन्हा आखलं. दोन रुळांमध्ये बोटं जातील एवढी फट ठेवावी लागते, नाहीतर घसरलेला डबा उचलताना शेजारची गाडी आडवी होते.

मे महिन्यात आमच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या मंडळाचे लोक घरी बघायला येणार आहेत. दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो आणि संध्याकाळी वर पळतो. ही म्हणते की तिला नवरा फक्त जेवायला मिळतो.

तुझा खुबा कसा आहे? बाबा अजून शेजाऱ्यांचे केस कापतात का? त्यांना माझा नमस्कार सांग. आणि माझ्यावरची माया पत्राच्या उशिरामुळे पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
खटपट्या

~

ता. १७ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. उजवा कान आता जवळजवळ बंदच झाला आहे, म्हणून डाव्या बाजूला बसून ओरडावं लागतं. समोरच्या इमारतीलाही तुझ्या रेल्वेची पुरती माहिती झाली आहे. बाबांचा एकच प्रश्न होता की गाड्या लपवूनच ठेवायच्या तर घ्यायच्या कशाला. मी समजावलं. मग त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून घ्यायला आलेल्या शेजाऱ्याला सगळं असं सांगितलं की जणू रूळ त्यांनीच टाकलेत.

आता माझी बातमी. तुझ्या सांध्यावर गाडी रूळ बदलते, माझा सांधा मात्र डॉक्टर पूर्ण बदलणार आहेत. मार्चअखेरची तारीख मिळाली आहे. पोस्टात दिवसभर उभं राहून त्याचा पार भुगा झालाय म्हणे. नंतर तीन महिने तरी वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आधी काठी धरून चालायचं. घाबरू नकोस, मी घाबरलेली नाही. म्हणजे थोडी आहे.

प्रश्न बाबांचा आहे. त्यांचं सगळं ते स्वतः करतात, जिना चढतात, खाण्याची खोड नाही. पण गॅस बंद करायचा राहतो. मागच्या महिन्यात पातेलं जळून काळं झालं आणि ते शेजारच्या खोलीत कात्र्यांना धार लावत बसले होते. त्यांना एकटं ठेवता येत नाही. तेवढे तीन महिने तू त्यांना नेशील का? तुझ्याकडे ते कधी सलग राहिलेच नाहीत. वरच्या खोलीला खिडकी आहे, त्यांना उजेड लागतो. एका बाजूचं प्लायवूड काढून खाट बसली तर बघ. कात्र्यांची पेटी घेऊन येतील, तुझे केस फुकटात कापून होतील. वहिनीला विचारून कळव.

तब्येतीला जप. दोन ओळींचं का होईना, पण लवकर लिही, एवढा हट्ट मोठ्या बहिणीचा चालू दे.

तुझी,
ताई

~

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशनचं वाचून काळजी वाटली, पण आजकाल हे अगदी सरसकट होतं. माझ्या दुकानात येणाऱ्या एका बाईंचे दोन्ही खुबे बदललेत आणि त्या माझ्यापेक्षा भरभर चालतात. तू अजिबात मनावर घेऊ नकोस.

बाबांचं म्हणशील तर मी खूप विचार केला. मला काय, मी आनंदाने तयार आहे. पण हिची पाठ हल्ली फार धरते. फुलांच्या दुकानात पाण्याच्या बादल्या उचलायच्या, पहाटे बाजारात जायचं, आणि वसंतात तर तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. वर एका वयस्कर माणसाचं करायचं म्हणजे तिला झेपणार नाही. ती तोंडाने नाही म्हणणार नाही, तुला तिचा स्वभाव माहीत आहे, म्हणून मीच विचारून तिला पेचात टाकलं नाही. शिवाय आमचा जिना अरुंद आहे, खाली बाथरूम आणि वर खोली, बाबांना ते सोयीचं नाही.

आणि खोलीचं तुला सांगतो, ते प्लायवूड आता निघण्यासारखं राहिलेलं नाही. सायडिंगचे रूळ चिकटवून झाले, खाली बारीक खडी पसरून तीही गोंदाने पक्की केली. एक बाजू काढायची म्हणजे आठही फाटे उखडायचे. बरं, ते एका टोकाला बंद ठेवले असते तर थोडी जागा वाचली असती, पण मग आत गेलेली गाडी उलटी बाहेर काढावी लागते, आणि इंजिन मागे राहतं. म्हणून मी दोन्ही टोकं मुख्य रुळाला जोडली. त्याला लांबी जास्त लागते. सांगायचा मुद्दा, तिथे खाट बसणं शक्यच नाही.

तुमच्याकडे म्हाताऱ्या माणसांसाठी तात्पुरत्या सोयी असतात ना? चांगली जागा बघ. पुढच्या वर्षी हिची धावपळ कमी झाली की बाबांना मीच न्यायला येईन.

रागावू नकोस. माझ्या वाट्याची माया राखून ठेव.

तुझा,
खटपट्या

~

ता. ११ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

तुझ्या पाठीचं कळलं आणि फार वाईट वाटलं. इतकं दुखत असताना तू मला एका शब्दाने कळवलं नाहीस, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. बादल्या अर्ध्याच भरत जा, आणि उचलताना कमरेत नको, गुडघ्यात वाक. हे मी आता कुणालाही शिकवू शकते, कारण मला स्वतःला दोन्ही जमत नाही.

बाबांना नेता येणार नाही याचं अजिबात मनाला लावून घेऊ नकोस. त्यांची सोय झाली आहे. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांचं निवासगृह आहे, तिथे तीन महिन्यांसाठी जागा मिळाली. खोलीत आणखी एक जण आहेत, पूर्वी ट्रक चालवायचे. खिडकी अंगणाकडे उघडते. जेवण वेळेवर देतात.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर खाली केला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून सांगितलं. तर म्हणाले, ऐकलं मी, इतके रूळ टाकून झाल्यावर उपटायचे म्हणजे वाईटच. मग कात्र्यांची पेटी तिथे चालेल का, एवढंच विचारलं.

तू स्वतःची काळजी घे. माझ्या भावाला थोडं कामाला लाव. तुझ्यावर माझा जीव आहे, तो अंतराने कमी होणाऱ्यातला नाही.

तुझी,
ताई

~

ता. १६ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, चुकीच्या पत्त्यावर आलं. माझ्या पाठीला काहीही झालेलं नाही. मागच्या वर्षी दोन दिवस धरली होती, त्यानंतर मी दुकानाचा माळा एकटीने आवरला आहे. बाबांना इकडे आणायचं विचारलं होतंत, हे मला तुमच्या पत्रातून कळलं.

दुकान तसंच मदतनिसावर सोडून घरी आले. हे वर फळीखाली शिरून उताणे पडून वायरी जोडत होते. नुसते पाय दिसत होते. मी विचारलं की माझ्या पाठीला काय झालंय. पाय हलले नाहीत. मी म्हटलं की बाबांना मी नको म्हटलं असं तुम्ही ताईंना कळवलंत का. मग खालूनच आवाज आला की तसं अगदी तसं लिहिलेलं नाही. मी पत्र वाचून दाखवलं, पाठीपासून पेपरापर्यंत. वन्सं, मी वाचून संपवल्यावरही ते किती तरी वेळ बाहेर आले नाहीत. मी खुर्चीवर बसून त्यांच्या मोज्यांकडे बघत होते. शेवटी बाहेर आले तेव्हा केसांत लाकडाचा भुसा होता आणि तोंड असं झालं होतं की ओरडायला आलेली मी, पत्राची घडी घालून खाली निघून आले.

मला राग आहे, पण त्याहून लाज जास्त वाटते. बाबा तिथे कुणाला तरी सांगतील की सुनेला झेपत नाही. माझ्या सासऱ्यांनी माझ्या दुकानाच्या पहिल्या दिवशी दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारल्या होत्या. त्यांना मी नाही म्हणेन? आणि खरं सांगू, मलाही स्वतःहून सुचायला हवं होतं. तुमच्या खुब्याचं मला माहीत होतं. बाबांचं काय होणार, हे मी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी मी येते. नको म्हणू नका, दुकान बंद ठेवायचं ठरवलं आहे. मला परकी समजला नाहीत तर बरं वाटेल.

तुमची,
वहिनी

~

ता. ७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं, तू दुसऱ्याच दिवशी उभी राहिलीस, हे हिने कळवलं. मी हॉस्पिटलात आलो नाही. खरं म्हणजे आलो होतो. खाली फाटकापर्यंत आलो, तुझी खिडकी कुठली असेल ते बघत उभा राहिलो, आणि वर यायचं धाडस झालं नाही. मग मागच्या रस्त्याने बाबांकडे गेलो.

तिथे काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता यायचं नाही.

दारातच एक आजोबा भेटले. मानेवरचे केस स्वच्छ कापलेले, कानामागे पांढरी पावडर. आत गेलो तर दुसरे तसेच, तिसरे तसेच. सगळ्या निवासगृहाची हजामत बाबांनी केलेली आहे, ताई. व्हरांड्यात खुर्ची टाकून त्या ट्रकवाल्यांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला होता आणि तोंड अर्थातच चालू होतं. मला बघून त्यांनी कात्री हवेत थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हाच तो, रेल्वेवाला.

मग काय विचारतेस. सगळे गोळा झाले. एकाने विचारलं की दोन्ही टोकं मुख्य रुळाला जोडलीत हे खरं का. दुसऱ्याला आठवी सायडिंग सगळ्यात लांब का ते हवं होतं. बाबांनी त्यांना कसं समजावलंय माहीत आहे? टेबलावर टाल्कम पावडर पसरून तिच्यावरून कंगवा ओढायचा. आठ दात, आठ रूळ. माझ्यासमोर पुन्हा करून दाखवलं. ते ट्रकवाले माझा हात हातात घेऊन म्हणाले की एवढं मोठं काम घरात असल्यावर माणसाला जागा कुठून राहणार, तुमचे वडील आम्हाला पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो.

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसलो. ताई, मी तिथे उभं राहून चक्क हसलो, आणि सायडिंगच्या मापांबद्दल बोललो. हिच्या पाठीचं कुणी काढलं नाही. बाबांनी तेही कुणाला सांगितलेलं नाही. फक्त रेल्वे सांगितली.

घरी आलो आणि पेचकस घेऊन वर गेलो. आता खोली मोकळी आहे. सायडिंगची बाजू गेली, स्टेशन गेलं, बोगदा गेला, काही ठेवलं नाही. खडी गोंदाने धरलेली होती, त्यामुळे रूळ निघताना वाकले, बरेचसे तुटले. ते पोत्यात भरून टाकून दिले. भिंतींना रंग दिला. मंडळाला कळवलं की मे महिन्यात येऊ नका. खिडकीखाली खाट लावली आहे. या रविवारी जाऊन बाबांना घेऊन येतो. असं केल्यावर पहिल्यांदाच जरा झोप लागली.

तुझी माफी कशी मागायची ते मला जमत नाही. हिच्याकडे मागितली, ती म्हणाली की तिला वेळ लागेल. तू जे काय म्हणशील ते ऐकून घेईन. फक्त लिहिणं थांबवू नकोस.

तुझा,
खटपट्या

~

ता. १३ एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

मी अजून काठीवर आहे आणि फार वेळ बसवत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. हे पत्र पोचेपर्यंत तू बाबांना घेऊनही गेला असशील.

फाटकापर्यंत येऊन परत गेलास हे वाचून मला रडू आलं, मग राग आला. वर आला असतास तर दोन शिव्या दिल्या असत्या आणि सफरचंद कापून दिलं असतं. तुला शिव्यांची भीती वाटली, माझी चौकशी राहूनच गेली.

रेल्वे मोडलीस ते तुझं तू जाण. मला एकच विचारायचं आहे. बाबांना विचारलंस का? मंगळवारी ते मला भेटायला आले होते, त्या ट्रकवाल्यांना बरोबर घेऊन. मे महिन्यात चार-पाच जण मिळून तुझ्याकडे रेल्वे बघायला यायचं असं त्यांनी आपापसात ठरवलंय. बाबा तुला कळवणार होते.

जे झालं ते झालं. आता तरी लपू नकोस. मी तुझी बहीण आहे, ते काही बदलायचं नाही.

ताई

~

ता. २५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस चार-चार ओळींची पत्रं पाठवली, कारण खरं ते लिहायला हात धजत नव्हता. आज सगळं लिहितो.

नाही, मी त्यांना विचारलं नव्हतं. रविवारी गेलो आणि व्यवस्थापकांना सांगितलं की वडिलांना नेतो. बाबांचे कुणाचे तरी केस अर्धवट कापून झाले होते, ते पुरे करेपर्यंत थांबलो, मग पेटी उचलली. वाटेत ते खुशीत होते. गाडी बोगद्यातून बाहेर येते तेव्हा दिवा लागतो का, असं विचारत होते. मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू. तेवढंही मला सांगता आलं नाही.

जिन्याच्या कठड्याला धरून ते वर गेले. दार मी उघडलं. मला काय वाटत होतं तेही सांगतो, ताई, कारण त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. मला वाटत होतं, रिकामी खोली बघून त्यांना भरून येईल. मुलाने आपल्यासाठी केवढं सोडलं, असं म्हणतील. मी दाराशी त्याची वाट बघत उभा होतो.

त्यांनी चारी भिंती बघितल्या. खाटेवर बसले. मग विचारलं की ते रूळ कुठे आहेत. मी सांगितलं की सगळं काढून टाकलं, तुमच्यासाठी. त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून डाव्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, ओरडू नकोस. नंतर जे बोलले ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. म्हणाले, तिथे पहिल्या दिवशी सगळे विचारतात, मुलं किती, मुलगा असतो कुठे, त्याच्याकडे का नाही गेलात. काहीतरी सांगावं लागतं. तुझी रेल्वे सांगायला चांगली होती. लोकांना पटायची, आणि सांगताना मलाही पटायला लागली होती. आता मी त्यांना काय सांगू?

मग ते म्हणाले, ठेवायचं नाही म्हणालास तेव्हा मला विचारलं नाहीस, आणलंस तेव्हाही विचारलं नाहीस. तिथे माझी दोन गिऱ्हाइकं रांगेत होती.

एवढं बोलून बूट न काढताच भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी बूट काढायला गेलो तर पाय आखडून घेतले. नंतर हिने जाऊन काढले.

तीन-चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. हिच्याशी मात्र छान. सकाळी दुकानात जाऊन बसायचे आणि फुलांचे देठ कापून द्यायचे, कात्रीला काम मिळालं म्हणून खूश. एका संध्याकाळी मी वर गेलो, खाकी कागदाचं भेंडोळं बरोबर नेलं, आणि विचारलं की परत जायचंय का, की इथे राहायचं, की ताई बरी झाली की तिच्याकडे. तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी कागदाकडे बोट केलं आणि विचारलं की ते काय आहे. मी म्हटलं, विचारायलाच आलोय, खाट ठेवून रेल्वे बसते का ते बघू या का? ते म्हणाले, बघू.

मग आम्ही बघितलं. ताई, आपल्या वडिलांना रेल्वेतलं ओ की ठो कळत नाही. सगळ्या गाड्यांची तोंडं खिडकीकडे असली पाहिजेत असा हट्ट. मी म्हटलं की गाडी गोल फिरून येते, तोंड कुठेही होणार. तर म्हणाले, गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करूनच बसतं. खाटेची जागा सोडल्यावर लांबची भिंत अर्धीच उरली. तेवढ्यात आठ सोड, पाचही बसेनात. सांधे लांबी खातात ना. शेवटी तीन सायडिंग बसल्या, त्याही अशा आखूड की प्रत्येक गाडीचे दोन-दोन डबे कमी करावे लागले. पुढे रंगवलेली फळी लावली तर बाबांचा उजेड अडतो, म्हणून फळी नाही. लपवायचं काहीच उरलं नाही. त्यांच्या उशापासून हातभर अंतरावर तिन्ही गाड्या उघड्यावर उभ्या असतात. झोपण्याआधी ते त्यांच्याकडे बघतात आणि कुठल्या डब्यावर धूळ बसलीय ते मला सांगतात.

काल निवासगृहातले चौघे आले. बाबांनी स्वतः मला सांगून बोलावले. डोंगर नाहीत, स्टेशनला छप्पर नाही, नुसते रूळ आणि वायरी. हिने खुर्च्या वर आणल्या. बाबांनी सगळ्यांना ओळीने बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. ट्रकवाल्यांनी रूळ मोजले आणि ते बाबांना म्हणाले की मास्तर, तुम्ही तर आठ सांगितल्या होत्या, या तीनच दिसतात, आणि ही खाट तर म्हणे बसतच नव्हती. बाबांनी तोंड उघडलं. त्याचं असं आहे, म्हणाले, आणि थांबले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते माझ्यासाठी आणखी काहीतरी शोधत होते.

तेव्हा मी बोललो. मी म्हटलं की आठ होत्या. खाटही बसली असती. बाबांना आणायचं मला नको होतं, म्हणून जागा नाही असं सांगितलं, आणि खापर बायकोच्या पाठीवर फोडलं. मग लाज वाटली म्हणून कुणालाही न विचारता सगळं तोडून टाकलं. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की मलाच तो कुणा दुसऱ्याचा वाटला. ही दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चौघेही चारी दिशांना बघायला लागले. एक जण आपल्या नव्याने कापलेल्या केसांवरून हात फिरवत बसले.

मी बाबांच्या उजव्या बाजूला होतो. त्यांना काही कळलं नव्हतं. ते विचारायला लागले की हा काय म्हणाला. ट्रकवाल्यांनी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून सांगितलं की मुलगा म्हणतोय, जागा होती. बाबा म्हणाले, माहीत आहे मला. आणि मला म्हणाले, गाडी चालू कर, यांना जेवायच्या वेळेला परत पोचायचंय.

मी चालू केली. पहिल्याच सांध्यावर घसरली. उचलायला हात पुढे केला तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतः डबा उचलून रुळावर ठेवायला लागले. हात बघशील तर कात्री धरणाऱ्याचे, जराही थरथर नाही. पण चाक काही रुळावर बसेना. चार वेळा ठेवला, चारही वेळा रुळाच्या बाजूला. मी वाकून त्यांच्या चेहऱ्याजवळ गेलो तेव्हा दिसलं, चष्म्याच्या दोन्ही काचांवर ओरखडेच ओरखडे, आणि एक दांडी दोऱ्याने बांधलेली. हा चष्मा मी त्यांना दिला त्याला किती वर्षं झाली ते मला आठवेना. सबंध शहराला मी चष्मे देतो, ताई. दीड महिना हा माणूस माझ्यासमोर जेवायला बसतोय.

डबा त्यांनीच बसवला शेवटी, बोटांनी चाचपून. गाडी दोन फेऱ्या फिरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे गेल्यावर मी डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि विचारलं की उद्या सकाळी दुकानात येता का, डोळे तपासून नव्या काचा घालतो.

हो म्हणाले.

तू ये. काठी घेऊन ये, जिना हळूहळू चढू. तोवर जी काही माया माझ्यासाठी उरली असेल ती जपून ठेव, मी ती मिळवायचा प्रयत्न करतोय.

तुझा,
खटपट्या